आंबूस वासाची पेटी

१

पेटी तीच होती. झाकणावर तोच लांब चरा, कोपऱ्यात भावजयीच्या थोरल्या लेकीने, चिमणीने, खिळ्याने कोरलेलं तेच वाकडं बदक, आणि बिजागरीचा एक स्क्रू नेहमीसारखा अर्धा बाहेर डोकावणारा. तरीही भावजय ताईसमोर फरशीवर बसून पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "ताई, ही त्याची पेटी नाही. कुणीतरी त्याची नेली आणि ही ठेवली."

दारात ताईचा धाकटा भाऊ उभा होता. त्याने बहिणीकडे बघून हळूच मान हलवली. बघितलंस ना, अशी.

पेटीत फार काही नव्हतं. झबली, एक विणलेली टोपी, मऊ पांघरूण, आणि पितळी घुंगरू लावलेला लाकडी खुळखुळा. ज्याचं हे सगळं होतं तो नुकता बसायला शिकला होता आणि एका पहाटे उठलाच नाही. डॉक्टरांनी परोपरीने शोधलं, पण का गेला ते कुणालाच सांगता आलं नाही. त्याला आता दोन हिवाळे झाले. तेव्हापासून भावजय रोज दुपारी ओटा आवरला की पेटी उघडायची, तोंड आत घालून, डोळे मिटून एक श्वास घ्यायची आणि झाकण लावायची. तेवढ्या श्वासावर तिचा उरलेला दिवस चालायचा.

महिन्याभरापूर्वी तिने असंच झाकण उघडलं आणि किंचाळली.

"तेव्हापासून हेच," धाकटा ताईला बाहेरच्या खोलीत घेऊन जात म्हणाला. "वास चोरला, वास चोरला. जेवण नाही, झोप नाही. परवा भर बाजारात दुकानातल्या पेट्या उघडून हुंगत होती. लोक हसत होते गं. मी सोमवारी तिला दवाखान्यात भरती करतोय. चिमणीला मावशी घेऊन जाईल."

"आणि परत कधी आणायचं?"

त्याने मान वळवली. कोपऱ्यात चिमणीची पिशवी भरून तयार होती, आणि पिशवीवर तिचे इवलेसे बूट.

"तू सांग तिला, पेटी तीच आहे म्हणून," तो म्हणाला. "तुझं ऐकेल. नाकाडीचं तरी ऐकेल."

नाकाडी हे ताईचं लहानपणापासूनचं नाव. बंद डब्यात काय आहे ते ती दारातूनच सांगायची. पुढे शिकून त्याच नाकाच्या जोरावर पोट भरायला लागली. लाकूड तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती रसायनतज्ज्ञ होती. फर्निचरवाले ढलप्या पाठवायचे, आणि त्यातून काय काय उडतंय ते बघून ती झाडाची जात सांगायची.

ती परत आत गेली. समजुतीची वाक्यं तिने वाटेतच जुळवून ठेवली होती. ती शेजारी बसली तशी भावजय किंचित मागे सरकली.

"ताई, आंघोळ करून, कपडे बदलून आलात ना?"

"हो. का गं?"

"तरी बाळाच्या दुधाचा वास येतोय तुमच्या अंगाला. डाव्या खांद्यापाशी."

ताईचा हात डाव्या खांद्याकडे गेला. आपलं तान्हं तिने मुद्दाम घरी ठेवलं होतं. ह्या घरात ते आणायचा धीर झाला नव्हता. पण दार ओढताना राहवलं नाही, म्हणून क्षणभर डाव्या खांद्यावर घेतलं होतं. तो वास तिला स्वतःलाही येत नव्हता.

जिला हा वास येतो, तिचं नाक खोटं बोलत नसतं.

ताईने वाकून पेटीत डोकं घातलं, आणि जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं सोडून दिली. पेटीतून व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता.

२

तिने खुळखुळा हातात घेतला. घुंगराच्या चिरेतून फिकट हिरवी पूड तिच्या बोटाला लागली.

"हे कधीपासून असं?"

"वास गेल्यापासून. रोज पुसते, पुन्हा येतं. मला वाटलं, हेही माझंच काहीतरी."

"तुझं काही नाही. पितळ भ्रमिष्ट होत नसतं," ताई म्हणाली, आणि तिने भावाला हाक मारली. "इकडे ये, आणि मधे बोलू नकोस."

धाकटा आला. हाताची घडी घालून उभा राहिला.

"पूर्वी ह्या पेटीला देवदाराचा वास होता. बाळ झालं तेव्हा मीच हुंगली होती. लाकडाला वास कुठून येतो, ठाऊक आहे? झाड जाड होत जातं तसा त्याचा मधला भाग मरत जातो. त्या पेशी मरता मरता तेलकट, उडून जाणारी द्रव्यं तयार करतात आणि तिथेच साठवून ठेवतात. झाडाला कीड लागू नये, बुरशी धरू नये म्हणून. म्हणजे वास असतो तो मेलेल्या गाभ्यात. देवदारातली ही द्रव्यं जड असतात. वर्षानुवर्षं थोडी थोडी सुटतात. दोन वर्षांत असा वास नाहीसा होत नाही. आणि झाला, तरी त्याचा असा आंबूस वास बनत नाही."

"मग हा कसला?"

"ओकच्या लाकडाचा असावा. त्या लाकडाच्या धाग्यांनाच आम्लाचे बारीक तुकडे जोडलेले असतात. हवेतल्या ओलाव्याने ते सुटतात आणि व्हिनेगरमधलं आम्ल होऊन बाहेर येतात. उघड्या टेबलाचं काही बिघडत नाही. पण बंद पेटीत ते कोंडतं आणि पितळ खायला लागतं. हे घुंगरू दोन वर्षं चकचकीत होतं. महिन्याभरातच हिरवं का पडलं?"

धाकट्याने हाताची घडी सोडली.

ताईने केसांतली पिन काढून पेटीच्या आतल्या कोपऱ्यात ओरखडा काढला. वरचा तपकिरी रंग निघाला, आणि खाली कोरं करकरीत, फिकट लाकूड दिसलं.

"पेटी तीच आहे, पण आतलं अस्तर बदललंय. जुन्या फळ्या काढून ओकच्या बसवल्यात, वर जुन्या दिसाव्यात म्हणून रंग दिलाय. आणि बसवल्यात अशा की फटीत केस जाणार नाही."

भावजयीने तोंडावर हात घेतला. महिन्याभरात पहिल्यांदा तिच्यावर कुणी विश्वास ठेवला होता, आणि तिला ते सोसेना. ती हुंदके देऊन रडायला लागली.

"रडू नकोस, बाई. चोर बाहेरून आलेला नाही," ताई म्हणाली. "दिवसभर पेटी उघडून बसला तरी कुणी हटकणार नाही, असा माणूस आहे हा."

३

"माझ्याकडे का बघतेस?" धाकटा म्हणाला.

"तुझ्याकडे नाही बघत. तू खिळा ठोकलास तर भिंत पडते."

भावजयीला रडता रडताही हसू फुटलं. धाकटा मात्र तसाच उभा राहिला. बायकोच्या डोक्यावर ठेवायला उचललेला हात त्याने मधेच खाली घेतला.

मावशी ओट्यापाशी भांडी पुसत होती. आई गेल्यापासून ह्या घरावर तिचीच नजर; राहायची पलीकडच्या गल्लीत, पण दिवस इथेच काढायची.

"मावशी, पेटीला हात लावलास का गं कधी?"

"लावला असता तर अख्खी पेटीच जाळली असती," मावशीने ताट आपटलं. "पोरगी दोन वर्षं त्या खोक्यात डोकं घालून बसलीये. जिवंत लेकरू शेजारी उभं आहे, त्याची वेणी कोण घालणार? मी तर तोंडावर सांगितलं तिला, टाकून दे. फळ्या काढा, फळ्या घाला, असले नाजूक उद्योग करायला मला सवड आहे?"

ताट पुसून झालं होतं, तरी ती पुसतच राहिली. "मला काय तो नको होता का गं?" ती हळू आवाजात म्हणाली. "मीच पहिली आंघोळ घातली होती त्याला."

ताईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

परसात अप्पांची शेड. अप्पा म्हणजे ताईचे वडील. उभा जन्म सुतारकामात गेलेला. पेटी त्यांनीच केली होती, नातू व्हायच्या आधी. शेडमध्ये ह्या वेळी एकटा पॉलिशवाला होता, खुर्चीच्या पाठीवर बोळा फिरवत. तो अप्पांचा जुना सोबती, आणि लाकडाच्या बाबतीत ताईचा पहिला गुरू.

"काका, डोळे मिटा," ताई म्हणाली आणि पेटीतली कोरून आणलेली ढलपी त्याच्या नाकाखाली धरली.

"अजून परीक्षाच घेतेस का, नाकाडे? ओक." त्याने डोळे उघडले. "कुठली ही?"

"बाळाच्या पेटीतली. आतून."

पॉलिशवाल्याचा बोळा थांबला. "कपड्यांच्या पेटीला आतून ओक? कुणा गाढवाने लावला? त्यापेक्षा कपडे व्हिनेगरच्या पिंपात बुडवा म्हणावं. अगं, नाक असलेला कुठलाच सुतार हे करणार नाही. मला कुणी पैसे दिले तरी माझा हात उचलणार नाही."

हे बोलताना त्याची नजर कोपऱ्यातल्या ओकच्या तुकड्यांकडे गेली. जुन्या कपाटाचे ते तुकडे अप्पांनी कधीचे जपून ठेवले होते. आता त्यांची रास खाली बसली होती.

तो पुन्हा खुर्चीवर वाकला, आणि मग ताईने कितीही विचारलं तरी त्याने मान वर केली नाही.

४

"आलीस का गं? बस. चहा टाकलाय."

अप्पा शेडला लागूनच्या आपल्या खोलीत, स्टोव्हपाशी उभे होते. पाठ वाकलेली, बोटं मात्र अजून पोलादी. बाळ गेल्यापासून ते घरात फारसे येत नसत. चहाही इथेच करून घ्यायचे.

खोलीत शिरताच ताईने नाक मुरडलं. दूध करपलं होतं. भांड्याच्या तळाला काळी खरपुडी धरली होती आणि जळका वास पार पांघरुणात शिरला होता. अप्पांनी शांतपणे चहा गाळला, एक कप तिला दिला, दुसऱ्याचा घोट घेतला आणि समाधानाने मान डोलावली.

"बरा झालाय ना?"

"हो, अप्पा," ती म्हणाली. घोट कसाबसा गिळला.

"तुझं पिल्लू काय म्हणतंय?"

"वळतंय आता कुशीवर."

"कपडे कशात ठेवतेस त्याचे?" अप्पांनी कपात बघत विचारलं. "त्यात गोळ्या वगैरे नाही ना टाकत? कापूर, असलं काही?"

"नाही. का हो?"

"काही नाही. असंच." ते घाईघाईने दुसरीकडे वळले. "खोकल्यासाठी दवाखान्यात गेलो होतो ना मागे, अर्धा दिवस बसवून ठेवलं. भिंतीवरचे कागद वाचून वाचून पाठ झाले. हे खाऊ नका, ते ठेवू नका. आपल्याला कुठे काय माहीत असतं."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. ते करपलेला चहा चवीने पीत होते. शेजारच्या शेडमधून ताज्या पॉलिशचा उग्र दर्प येत होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, अप्पांची पापणीही हलली नाही. मग तिला आठवत गेलं. मागे गॅस चालू राहिला होता आणि अप्पा तिथेच पेपर वाचत बसले होते. पॉलिशवाला हल्ली लाकूड घ्यायला त्यांच्याबरोबर जायचा. "म्हातारपणी सोबत हवी," असं अप्पा सांगायचे.

हात इतका कसबी की फटीत केस जाणार नाही, आणि नाक असं की कपड्यांच्या पेटीला ओक लावला तरी कळू नये. असा माणूस घरात एकच होता. जन्मभर लाकडाचा भुसा आणि पॉलिशच्या वाफा नाकात घेऊन वासच गमावलेला, आणि सुताराने हे कुणाला सांगायचं कसं म्हणून गप्प राहिलेला. आपल्याला पेटीचा वास येत नाही, म्हणजे पेटीला वासच नसेल, असं ते धरून चालले होते.

कोण ते कळलं. का, ते त्या दवाखान्याच्या भिंतीने सांगितलं.

तिने कप खाली ठेवला. चोर सापडला होता, आणि तिला तो नको होता.

५

औषधांच्या दुकानातून ती परत आली तेव्हा पॉलिशवाला घरी गेला होता. अप्पा बाकावर हातोडीचा दांडा घासत बसले होते.

"अप्पा, फळ्या कुठे आहेत?"

घासणं थांबलं. त्यांनी कुठल्या फळ्या असं विचारलं नाही.

"गादीखाली," ते म्हणाले. "जाळायला नेल्या होत्या. हात धजेना."

"तुम्हाला वाटलं, त्या कापराच्या लाकडाच्या आहेत."

"वाटलं काय, होत्याच. विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं, कापराचं लाकूड आहे, कपड्यांना जन्मात कसर लागायची नाही. मी कधी ते हाताळलं नव्हतं. रंग उडालेल्या जुन्या खोक्याच्या फळ्या. डोळ्यांना नक्की काही सांगता येईना. अशा वेळी सुतार काय करतो? रंधा मारतो आणि हुंगतो." त्यांचा आवाज फाटला. "मी मारला रंधा. आणि हुंगल्यासारखं केलं. तिथे गिऱ्हाइकं होती, पोरी. लाज वाटली मला."

ताई त्यांच्या पायाशी बसली.

"मग त्या दिवशी भिंतीवर वाचलं. तान्ह्या बाळांजवळ कापूर ठेवू नका, त्यांना विषारी असतो. मी घरी कसा आलो ते मला ठाऊक नाही. त्याचे सगळे कपडे त्या पेटीत असायचे. अंगात तेच, पांघरायला तेच. मी केली ती पेटी. माझ्या ह्या हातांनी." त्यांनी हात पुढे केले आणि तसेच ठेवले, जणू कुणीतरी ते काढून न्यावेत. "आणि ती रोज त्याच पेटीत तोंड घालून श्वास घेत होती. तिलाही काही झालं तर? म्हणून काढल्या फळ्या. ती वासाचं म्हणायला लागली तेव्हा मला कळेचना, कसला वास?"

"तिला वेडी ठरवत होते, अप्पा. तेव्हा तुम्ही गप्प बसलात."

"बसलो. तुझं मूल मी मारलं, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?"

ताईने दुकानातून आणलेली पुडी सोडली. "डोळे मिटा आणि श्वास घ्या."

"मला काही येत नाही गं वास."

"वास नकोच आहे. कापूर वासाशिवायही कळतो. नाकात वासाच्या नसा वेगळ्या आणि गारवा, झोंबणं कळायच्या वेगळ्या. तुमच्या पहिल्या गेल्यात. दुसऱ्या आहेत का बघू."

त्यांनी श्वास घेतला आणि दचकून मान मागे घेतली. "गार लागलं. आत, कपाळापर्यंत."

"हा खरा कापूर."

मग तिने गादीखालच्या फळ्या आणल्या. जुन्या चादरीत बाळाला गुंडाळावं तशा त्या गुंडाळलेल्या होत्या. तिने पटाशीने एका फळीचा वरचा थर खरवडला, आणि सगळ्या शेडभर देवदाराचा कोरडा, गोडसर वास पसरला. तिने फळी त्यांच्या नाकाखाली धरली.

अप्पांनी श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग धाप लागेपर्यंत घेत राहिले.

"काहीच नाही," ते पुटपुटले. "गार नाही. काही नाही."

"नाहीच लागणार. हा देवदार आहे, अप्पा. विकणारा खोटं बोलला. ह्यात कापूर नावालाही नाही. हवं तर यंत्रात घालून कागदावर लिहून देते. बाळ का गेलं ते मला सांगता येणार नाही. कुणालाच नाही आलं. पण पेटीने नाही गेलं. तुमच्या हातांनी नाही गेलं."

अप्पा रडले नाहीत. त्यांनी फळी मांडीवर घेतली आणि तिच्यावरून तळवा फिरवत राहिले. तेवढ्यात दारात पावलं वाजली. भावजय उभी होती. वास तिला स्वयंपाकघरापर्यंत आला होता.

६

किती ऐकलं होतं तिने, कोण जाणे. ती आत आली आणि अप्पांसमोर थांबली.

"मी जेवत नव्हते," ती म्हणाली. "माझी चिमणी नेणार होते. आणि तुम्ही इथे बसून चहा पीत होतात."

"हो, पोरी."

"मला एकदा सांगायचं होतं, अप्पा. मी ओरडले असते. पण मला कळलं तरी असतं, की माझं डोकं ठिकाणावर आहे."

"हो."

त्यांनी क्षमा मागितली नाही. नुसती फळी तिच्यापुढे धरली. ताईला वाटलं, आता ही ती भिरकावून देईल. भावजयीने ती घेतली, छातीशी धरली आणि तोंड तिच्यावर टेकवलं.

ताईला एक गोष्ट माहीत होती, आणि ती कधीच बोलायची नाही असं तिने ठरवलं होतं. बाळाच्या अंगाचा वास झबल्यांतून केव्हाच उडून गेला असणार. दोन वर्षं भावजय ज्यावर जगली तो निव्वळ लाकडाचा वास होता.

"मला माहितीये, ताई," भावजय फळीवरून मान न उचलता म्हणाली. "तो वास लाकडाचाच आहे. त्याचा स्वतःचा तर पहिल्या उन्हाळ्यातच गेला. पण त्याचे कपडे ह्याच पेटीत असायचे ना. कडेवर घेतलं की त्याच्या मानेपाशी हाच यायचा, दुधात मिसळलेला. निम्मा तरी तो हाच होता."

त्याच संध्याकाळी धाकट्याने चिमणीची पिशवी रिकामी केली. बूट जागेवर ठेवले, फ्रॉक एक एक करून खणात रचले. शेवटी ताटावर तिच्यासमोर बसून म्हणाला, "खा ना गं," आणि स्वतःच रडायला लागला. मावशीने दोघांना वाढलं.

पेटी शेडमध्ये बाकावर आली. अप्पांनी ओक काढला, कोपरे पुसले, आणि देवदाराच्या फळ्या एकेक करून आपापल्या जागी बसवल्या. शेवटची बसवण्याआधी ते थांबले.

"हा वास मंदावला, तर मला सांगायचं," ते भावजयीला म्हणाले. "वरचा थर मुका होतो, आत असतो अजून. मी हलकेच खरवडून देईन. नाकाडी म्हणते, पुष्कळ वर्षं पुरेल." मग त्यांनी रंध्याचा एक अलगद हात मारला. कागदाहून पातळ साल निघाली आणि वेटोळं होऊन त्यांच्या तळव्यावर पडली. "आला का?"

"आला," भावजय म्हणाली.

अप्पांनी ती साल आपल्या नाकाशी नेली, जुन्या सवयीने. मग खाली घेतली.

"मला कधीच आला नाही गं," ते म्हणाले. "मांडीवर घ्यायचो, मानेत तोंड खुपसायचो, तो हसायचा. तुम्ही सगळे म्हणायचात, किती छान वास येतो ह्याला. मी पण म्हणायचो, हो, छान येतो." त्यांनी साल तिच्या हातावर ठेवली. "कसा होता? सांग ना मला."

भावजय त्यांच्या शेजारी बाकावर टेकली. साल तिने नाकाशी धरली, डोळे मिटले आणि अगदी सुरुवातीपासून सांगायला लागली.